चूल बदलली, पण वही कुठे गेली?

"अहो, तुम्ही बंद केलंत का सगळं?" डोंबिवलीहून एका काकूंचा फोन आला तेव्हा आम्ही सातजणी मोदकाच्या पिठीची पाकिटं भरत बसलो होतो. २०१९ चा ऑगस्ट महिना. गणपती २ सप्टेंबरला. वर्षाची निम्मी कमाई याच तीन आठवड्यांतली. काकू म्हणाल्या, "कालपासून तुमची साइट उघडतेय, नुसतं पांढरं पान दिसतंय."

आम्ही आधी हसण्यावारी नेलं. काकूंचं नेट स्लो असेल. मग आमच्यातल्या एकीने पिठाचे हात पुसून फोनवर बघितलं. खरंच पांढरं पान. ना चूक दाखवतंय, ना काही सांगतंय. दोन दिवस ऑर्डर का आल्या नाहीत, ते तेव्हा कळलं.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातला हा आमचा गृहउद्योग. पिठी, कोकम, आगळ, मसाला, कुळथाचं पीठ, आंबापोळी. मी त्यात हिशेब बघते. साइट केली होती २०१२ मध्ये, आमच्यातल्या एका वहिनींच्या भाच्याने. तो पुण्यात इंजिनीअरिंगला होता. "मावशी, मी करून देतो, पैसे नकोत," म्हणाला आणि सुट्टीत करूनही दिली. सात वर्षं छान चालली. त्या सात वर्षांत आम्ही एकदाही विचारलं नाही की ही चालते कशावर? आपली गिरणीसुद्धा वर्षातून एकदा टाचवून घेतो आपण! साइटला मात्र देवासारखं नुसतं कोनाड्यात ठेवलं.

झालं होतं असं. ज्या कंपनीकडे साइट ठेवली होती, तिने जुनं पीएचपी बंद करून नवं बसवलं. पीएचपी ही साइट चालवणारी एक संगणकीय भाषा. तिच्या पाचव्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ३१ डिसेंबर २०१८ ला थांबलं. म्हणजे त्यानंतर त्यात एखादं भोक सापडलं, तर ते बुजवायला कोणी येणार नाही. म्हणून कंपनीने ती काढली, यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिने आधी तीन पत्रंही पाठवली होती. ती गेली भाच्याच्या कॉलेजच्या ई-मेलवर. भाचा तोवर नोकरीसाठी परदेशी गेलेला, कॉलेजचा मेल बंद. पत्रं वाचणार कोण?

आता नवं पीएचपी आलं तर जुनी साइट का बसावी? हे मला समजलं ते इंडक्शनच्या शेगडीमुळे. गॅसवर चालणारी तांब्याची, अॅल्युमिनियमची भांडी साध्या इंडक्शनवर तापतच नाहीत. भांड्यात खोट नसते, चूल बदललेली असते. तसंच इथे. डेटाबेसशी, म्हणजे ऑर्डरींच्या कोठाराशी बोलायच्या काही जुन्या पद्धती पीएचपीच्या सातव्या आवृत्तीत, डिसेंबर २०१५ मध्ये, काढूनच टाकल्या होत्या. आमची साइट त्याच पद्धतींनी बोलत होती. नव्या चुलीवर ती तापेना.

आणखी एक शब्द समजून घेऊ, कारण डेव्हलपर लोक तो उठता बसता वापरतात. फ्रेमवर्क. शिवणाच्या क्लासला आपण ब्लाउजचं पेपर कटिंग जपून ठेवतो ना, दर वेळी मापापासून सुरुवात नको म्हणून? साइट बांधणाऱ्यांचंही तसंच असतं. लॉगिन, ऑर्डर, पानांची मांडणी या नेहमीच्या गोष्टींचा तयार साचा आणि त्याचे नियम म्हणजे फ्रेमवर्क. आमच्या भाच्याने कोडइग्नायटर नावाचं वापरलं होतं. ते २००६ मध्ये आलं आणि शिकायला सोपं म्हणून आपल्याकडे खूप चाललं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली, ती पहिल्यापासून नव्याने लिहिलेली. जुनी साइट तिच्यावर नुसती उचलून ठेवता येत नाही, प्रत्येक भाग नव्या साच्यात बसवून घ्यावा लागतो.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या ऑगस्टमध्ये आम्ही काय केलं? घाबरलो, आणि जो पहिला भेटला त्याला काम दिलं. तो तरुण डेव्हलपर म्हणाला, "काकू, हे जुनं झालंय, फेकून द्या. मी नव्या फ्रेमवर्कमध्ये नवीन करून देतो, एकदम मस्त." आम्ही म्हटलं, "कर बाबा. आम्हाला त्यातलं काही कळत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. या लेखात माझं भांडण त्याच्याशी आहे.

दिवाळीपर्यंत साइट झाली. दिसायला अगदी देखणी. फोटो सरकताहेत, बटणं चमकताहेत. आम्ही पेढे वाटले. आणि मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली.

आधी नागपूरचं पार्सल फुटलं. काचेच्या बाटलीतलं आगळ आम्ही जिल्ह्याबाहेर पाठवत नाही. जुन्या साइटला हे माहीत होतं. पिनकोड बघून ती आगळ ऑर्डरमध्ये घेऊच द्यायची नाही. हा नियम भाच्याने २०१३ मध्ये आमच्या सांगण्यावरून आत लिहिला होता, आणि तो आहे हेच आम्ही विसरलो होतो. असे आणखी होते. आंबापोळीची ऑर्डर ठरावीक नगांनंतर बंद व्हायची. पिठी चतुर्थीच्या आधी पंधरा दिवसच निघायची. मसाल्याच्या तिखटपणाच्या तीन पायऱ्या होत्या. यातलं काहीच कागदावर नव्हतं. जुना कोड हीच आमच्या धंद्याच्या नियमांची वही होती आणि ती आम्ही स्वतःच्या हातांनी फेकली होती.

मग पत्ते गेले. प्रत्येक पानाला इंटरनेटवर एक पत्ता असतो. सोलकढी कशी करायची, कोकम कसं साठवायचं, अशी आमची पंचवीस-तीस पानं होती. लोक ती शोधून यायचे, येताना आगळही घ्यायचे. नव्या साइटवर सगळे पत्ते बदलले. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला "पान सापडत नाही" एवढंच दिसायला लागलं. आपण घर बदललं की पोस्टमनला सांगून ठेवतो, नवा पत्ता शेजारी देऊन जातो. वेबवरही तशी सोय आहे. जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेणारी पाटी लावता येते, शोधयंत्रालाही ती समजते. वेब ज्यांनी घडवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नसतात, बदलणारी माणसंच असतात. आमच्याकडे पाटी लावायला सांगायचं कुणी? आम्हाला तर काही कळत नव्हतं!

पण सगळ्यात मोठा घाव वेगळाच होता. जुन्या साइटवरची ग्राहकांची यादी नव्यात आणताना देवनागरी अक्षरं गेली. सगळी. जिथे नाव होतं तिथे प्रश्नचिन्हांची रांग. संगणक अक्षरं आकड्यांच्या रूपात साठवतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, याच्या याद्या असतात. मराठी ज्या यादीत आहे ती सोडून जुनी, फक्त इंग्रजी आणि युरोपी अक्षरांची यादी वापरून माहिती हलवली, की ज्या अक्षराला जागा नाही तिथे प्रश्नचिन्ह बसतं. आणि एकदा बसलं की खालचं अक्षर परत येत नाही. नीट यादी निवडली असती तर काहीच झालं नसतं.

आपल्या भाषेला हा भोग नवीन नाही. २००० च्या सुमारास मराठी वर्तमानपत्रांच्या साइट वाचायच्या तर आधी त्यांचे वेगवेगळे फॉन्ट उतरवून घ्यावे लागायचे, आठवतंय? पुढे युनिकोड रुळलं. ज्यांनी जुना मजकूर नीट बदलून घेतला, त्यांचा आजही शोधता येतो. नाही घेतला, त्याची नुसती अगम्य चिन्हं उरली. म्हणून इंग्रजीतली साइट हलवणं वेगळं आणि मराठीतली वेगळं. हे सांगायला आपणच उभं राहायला हवं, कारण नमुना म्हणून डेव्हलपर तपासतो ती इंग्रजी नावं.

आमच्या यादीत फोन नंबर तेवढे उरले, कारण ते इंग्रजी आकड्यांत होते. नावं गेली, पत्ते गेले, आणि आम्ही सात वर्षं प्रत्येकीच्या नावापुढे लिहिलेल्या टिपा गेल्या. "मसाला कमी तिखट." "पिठी जाड नको." "दुपारी झोपतात, फोन पाचनंतर." त्या डेव्हलपरला दाखवलं तर म्हणाला, "ते नंतर बघू." तोवर जुन्या जागेचं भाडं भरायचं राहिलं, कंपनीने ती पुसून टाकली. नंतर बघायला काही उरलंच नाही.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी. कोकम, आंबापोळी घरात पडून. पार्सलं पुन्हा जायला लागल्यावर आम्ही ठरवलं, जुन्या ग्राहकांना एकेक फोन करायचा. पण फोन लावून विचारायचं काय? "नमस्कार, आपलं नाव?" बदलापूरच्या एक आजी म्हणाल्या, "आठ वर्षं घेतेय गं तुमच्याकडून. आणि आज नाव विचारतेस?" मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. त्यांनी ऑर्डर दिली, पण आवाज उतरला होता.

आता कोणी म्हणेल, हे तुमच्यासारख्या चिमुकल्या उद्योगाचं रडगाणं, मोठ्यांचं असं होत नाही. होतं बरं! इंग्लंडमधल्या मार्क्स अँड स्पेन्सर या कपड्यांच्या मोठ्या दुकानाने फेब्रुवारी २०१४ मध्ये नवी साइट सुरू केली. खर्च १५ कोटी पौंड. आधीची साइट अॅमेझॉनच्या यंत्रणेवर चालायची, ही स्वतःची. पण जुन्या ६० लाख नोंदणीकृत ग्राहकांना नव्याने नोंदणी करायला लावली. नेहमीची बाई दारात आली आणि तिला म्हटलं, "आपण कोण?" जूनपर्यंतच्या तिमाहीत त्यांची ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली. आमच्या आजी आणि त्यांच्या ग्राहक, दुखणं एकच.

मग काय, जुनं ते सोनं म्हणून बसून राहायचं? मुळीच नाही. ज्याच्या दुरुस्त्या बंद झाल्या, त्यावर ग्राहकांचे नंबर, पत्ते ठेवणं म्हणजे कडी नसलेल्या कपाटात दागिने ठेवणं. आणि जुन्या साइटला जमत नाही असं काही ग्राहकाला खरंच हवं असेल, म्हणजे मोबाइलवर नीट दिसणं, यूपीआयने पैसे भरणं, तरीही बदलावं. ही दोन कारणं मला पटतात. "आता हे कोणी वापरत नाही हो," हे एकटं कारण पटत नाही. आजचं नवं उद्या जुनं होतंच. गूगलसारख्या कंपनीचं अँगुलरजेएस २०१० मध्ये आलं तेव्हा केवढा गाजावाजा! ३१ डिसेंबर २०२१ ला त्याच्या दुरुस्त्या थांबल्या, आणि त्याच नावाचं पुढचं अँगुलर इतकं वेगळं की साइट पुन्हा लिहाव्या लागल्या. तेव्हा दर काही वर्षांनी चूल बदलणार, हे धरूनच चालावं. घराला रंग काढायचा म्हणून आपण थोडे थोडे पैसे बाजूला टाकतो ना, तसे यासाठीही टाकावेत. फुकटच्या कामाला मागे कोणी उभं राहत नाही. भाच्याचा यात दोष नाही, त्या डेव्हलपरलाही मी एकट्याला दोषी धरत नाही. त्याला आम्ही काही सांगितलंच नव्हतं.

कोणी असंही म्हणतं की साइट हवी कशाला, व्हॉट्सअॅप आहे, इन्स्टाग्राम आहे. आहेच की. आम्हीही वापरतो. पण ती दुसऱ्याच्या ओटीवर मांडलेली टोपली. मालकाने उद्या नियम बदलले की टोपली उचलावी लागते. स्वतःच्या नावाचं एक लहानसं दुकान असावं, असं माझं मत.

२०२१ मध्ये आम्ही पुन्हा काम काढलं. यावेळी आमच्याच एकीच्या लेकीने, बीसीए झालेल्या मुलीने. पैसे देऊन, बरं का. तिने पहिल्या दिवशी संगणक उघडलाच नाही. आम्हाला समोर बसवून विचारलं, "ऑर्डर आली की तुम्ही काय काय करता, ते सांगा." दोन दुपारी ती नुसतं लिहून घेत होती. भाच्याला फोन करून त्याच्या जुन्या लॅपटॉपवरचा कोड आणि २०१६ पर्यंतच्या याद्यांची प्रत मागवली. त्यापुढची तीन वर्षं? आमच्या एक वहिनी साइट आल्यावरही पार्सलांची वही हाताने लिहीतच राहिल्या होत्या. आम्ही त्यांना हसायचो. त्या वहीतून आम्ही निम्म्याहून जास्त नावं परत भरली. उरलेली गेली ती गेलीच.

तिने साइट एकदम बदलली नाही. आधी पाककृतींची पानं नव्या कोडइग्नायटरवर नेली, मग भावाची यादी, आणि सगळ्यात शेवटी ऑर्डर. तोवर बाकीचं जुन्यावर चालू. या पद्धतीला नाव आहे म्हणे. मार्टिन फाउलर नावाच्या जाणकाराला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये झाडांवर वाढणारे वडाच्या जातीचे वृक्ष दिसले, त्यांवरून त्याने २००४ मध्ये ते सुचवलं. आपल्याला त्यासाठी एवढं लांब जायला नको. आंब्याच्या बेचक्यात पिंपळाचं रोप येतं, मुळं खाली सोडतं आणि एक दिवस स्वतःच्या पायावर उभं राहतं, हे आपण परसातच बघतो. गणपतीच्या तोंडावर अख्खी साइट एका रात्रीत बदलण्यापेक्षा हे बरं. एखादं पान चुकलं तर तेवढंच दुरुस्त करायचं.

तपासायचं काम तिने आम्हाला दिलं. नागपूरचा पिनकोड टाकून आगळ मागवून बघा. "ज्ञानेश्वरी", "कुऱ्हाडे", "पळसुले" अशी नावं भरून बघा, ळ आणि जोडाक्षरं शाबूत राहतात का. जुना फोन, मंद नेट असलेल्या बहिणीला उघडायला सांगा. हे काम बसल्या जागी कुठला इंजिनीअर करणार? त्याला आमचा नागपूर आणि आमचं आगळ माहीत नाही. आम्हाला कोड कळत नाही, पण आमचं दुकान कळतं. साइट हलवताना दोन्ही लागतं.

म्हणून सांगते, तुमचा उद्योग असो, बचत गट असो, शाळा असो की वाचनालय, साइट बदलायची वेळ आली की एवढं विचारा. साइटचं नाव आणि जागा कुणाच्या नावावर आहे? भाच्याच्या, डेव्हलपरच्या की तुमच्या? बिलं आणि पत्रं तुमच्या मेलवर यायला हवीत. हात लावण्याआधी सगळ्याची प्रत काढलीय का, ती दोन ठिकाणी ठेवलीय का आणि उघडून बघितलीय का? न उघडलेली प्रत म्हणजे झाकण न काढता ठेवलेलं लोणचं, आत काय झालंय कोणास ठाऊक. मराठी मजकूर नीट आला का, ते स्वतःच्या डोळ्यांनी दहा-वीस नोंदी वाचून बघा. जुन्या पत्त्यांवर नव्याची पाटी लावलीय का? एक पूर्ण हंगाम सुरळीत जाईपर्यंत जुन्याची प्रत पुसायची नाही, हे कागदावर लिहून घ्या. आणि काम संपलं की पासवर्ड बदला. ग्राहकाचे नंबर आपल्याकडे विश्वासाने दिलेले असतात. २०२३ मध्ये त्यासाठी संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केलाय.

यातल्या एकाही प्रश्नाला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही. बँकेत पासबुक कुणाच्या नावावर, लॉकरची किल्ली कुणाकडे, हे आपण विचारतोच ना? एके काळी तेही विचारत नव्हतो. "ह्यांना माहीत," म्हणायचो. त्याची किंमत किती बायकांनी मोजली, ते आपल्या आजूबाजूलाच बघा. "मला त्यातलं काही कळत नाही" हे वाक्य नम्र वाटतं खरं, पण त्याने किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते.

आमच्या कपाटात आता एक जाड वही आहे. साइटचं नाव कुठे घेतलं, भाडं कधी भरायचं, आगळीचा नियम, आंबापोळीचा नियम, सगळं त्यात. नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयवर सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहिलेली असते. आणि वहिनी पार्सलांची वही अजून हाताने लिहितात. आता त्यांना कोणी हसत नाही.

बदलापूरच्या आजींच्या नावापुढे टीप पुन्हा भरली आहे. "दुपारी झोपतात, फोन पाचनंतर."